तप्पू लेदू सरांचा बिनचूक डाव

ज्या माणसाच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नाही असं सगळं गाव म्हणतं, त्याच्या चुका पकडायला त्याच्यासमोर कधी कोण बसलं होतं? वाचकहो, उत्तर तयार ठेवा. येत्या रविवारी आदिलाबाद भागातल्या आमच्या मराठी गावच्या शाळेत मधुकर सरांचं पुण्यानुमोदन आहे. तिथं श्रद्धांजलीच्या प्रत्येक भाषणात ‘एकही चूक झाली नाही’ हे वाक्य येईल. त्याआधी मला सरांशी भांडायचं आहे. भांडण जुनं आहे, आणि ते अर्ध्यावर टाकून निघून जायची परवानगी मी त्यांना दिलेली नव्हती.

सर, तुम्ही गेलात त्याला नऊ दिवस झाले. तुमच्या ओट्यावर रोज माणसं येऊन बसतात. जैनथहून येतात, आदिलाबादहून येतात, उटनूरला नोकरीला असलेला तुमचा एक विद्यार्थी तर बदलीच्या गडबडीत येऊन गेला. सगळे एकच बोलतात, “सरांचं काम म्हणजे काम. खाडाखोड म्हणून सापडायची नाही.” मी कोपऱ्यात बसून ऐकते आणि माझे दात आवळले जातात. तुमच्या पत्नी, आमच्या काकू, माझ्याकडे बघतात. त्यांना कळतं. परवा हळूच म्हणाल्या, “बोल न वो बाई एकदा. पोटात ठिऊन काय लोणचं घालतं?”

म्हणून बोलते.

तुमचं नाव कसं पडलं ते तरुण वाचकांना ठाऊक नसेल. तपासणीला आलेले तेलुगू साहेब आपल्या शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर घेऊन बसले होते. शाळेत आलेल्या आणि शाळा सोडून गेलेल्या प्रत्येक मुलाची ओळ त्यात असते. साहेबांनी पान उलटलं, पुन्हा मागं आले, चष्मा पुसला, उजेडात धरून पाहिलं. त्यांना खाडाखोड हवी होती. ती मिळेना. शेवटी रजिस्टर मिटून ते तुसड्या आवाजात म्हणाले, “तप्पू लेदू.” चूक नाही. चौथीच्या वर्गाने ते झेललं, आणि दिवस मावळायच्या आत गावात तुम्ही तप्पू लेदू सर झाला होता. तुम्ही रागावल्याचं सोंग केलंत. आतून फुलला होता, हे आम्हा पोरांनाही दिसत होतं.

चूक झालीच तर काय करायचं, याचाही तुमचा कायदा होता. वहीत खोडायचं नाही, थुंकी लावून पुसायचं तर नाहीच. चुकलेल्या शब्दावर एकच लाल रेघ, वर शुद्ध शब्द, आणि बाजूला सही. सही आपली नाही, दुसऱ्याची. “आपली चूक आपणच दुरुस्त केली आणि आपणच मंजूर केली, तर ती दुरुस्ती नाही, लबाडी आहे,” असं तुम्ही म्हणायचात. निबंधाच्या वहीत माझ्या प्रत्येक लाल रेघेशेजारी बाकावरच्या मैत्रिणीची सही असायची. सर, हा कायदा मी विसरले नाही. आज तोच घेऊन तुमच्यापुढे उभी आहे.

माझे बाबा, भीमराव, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायचे आणि सुटीच्या दिवशी चळवळीची पत्रकं वाटायचे. घरात पुस्तक नव्हतं, पत्रकं होती. अंकलिपीच्या आधी मी ‘जाहीर निषेध’ वाचायला शिकले. तुम्ही आणि बाबा एकाच दिवशी, एकाच मैदानात बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेले दोस्त. रविवारी तुमच्या अंगणात बुद्धिबळाचा पट मांडला जायचा. पट मेणकापडाचा. काळा वजीर हरवलेला, त्याच्या जागी शाळेचा झिजलेला गोल शिक्का उभा असायचा, लाकडी मुठीचा. त्याची शाई कधी पुरती गेली नाही. तो जिथं जिथं दाबून ठेवला जाई तिथं जांभळं वर्तुळ उठे. काळी मोहरी नेहमी तुमची. बाबा म्हणायचे, “मास्तर चाल खेळत नाई, हुकूम काढते.”

“तुझ्या पत्रकांपेक्षा माझा हुकूम बरा,” तुम्ही म्हणायचात. “तुझ्या एका पानावर ऱ्हस्व-दीर्घाच्या किती चुका असतात, माहीत आहे?”

“चुका ऱ्हातेत, पन लोक वाचतेत. तुमचं रजिस्टर कोन वाचते?”

हा टोमणा बाबांनी हसत मारला होता. तो किती खोल जाणार आहे, हे त्यांनाही तेव्हा माहीत नव्हतं.

मला खेळ तुम्ही शिकवलात. बाबांनी नाही, तुम्ही. अडीच घरांचा घोडा समजावताना तुम्ही मला अंगणात उड्या मारायला लावल्या होत्या. तुम्ही कधी मुद्दाम हरला नाहीत, आणि त्याबद्दल मी तुमची आजही ऋणी आहे. पण मी हरले की तुम्ही वही काढायचात. निळ्या पुठ्ठ्याची ती वही, तिच्यात एक डाव लिहिलेला, वर मथळा: ‘बिनचूक डाव’. वही हातातून न सोडता तो तुम्हीच वाचून दाखवायचात. तुमचा आणि बाबांचा. दोघांनीही एकही चूक केली नाही, म्हणून कुणी जिंकलं नाही. मारामारी होत होत शेवटी पटावर दोन राजे उरले.

तुमचं म्हणणं असं की बुद्धिबळात प्रत्येक वेळी एक खरी चाल असतेच. दोघेही खरी चाल खेळत गेले तर डाव बरोबरीत सुटतो. जो हरतो तो चुकलेला असतो.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. म्हणाले, “सर, दोन्हीकडची सगळी प्यादी मेली, घोडे मेले, हत्ती मेले. दोन राजे तेवढे जिवंत. याला तुम्ही बिनचूक म्हणता?”

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, “भीमराव, पोरगी पत्रक व्हायली.”

आता त्या दुपारवर येते. मी आदिलाबादच्या सोशल वेल्फेअर हॉस्टेलमध्ये सहावीपासून शिकत होते. तिथली जागा तुम्ही मिळवून दिली होती. बाबा पाळीवर असत, म्हणून सगळे कागद तुम्हीच नेलेत, तुम्हीच भरलेत, माझी पत्र्याची पेटी बसच्या टपावर तुम्हीच चढवलीत. कागद तेलुगूत होते. बाबांना मराठीपलीकडे वाचता येत नव्हतं. मला हॉस्टेलमध्ये तेलुगू आलं. दहावीच्या फॉर्मसाठी जुने कागद घरी आणले आणि बाबांच्या मांडीला मांडी लावून मी मोठ्या ऐटीत ते वाचून दाखवू लागले. नाव. वडिलांचं नाव. जन्मतारीख. जात, महार.

बाबा म्हणाले, “परत वाच.”

मी परत वाचलं. शाळेत घालताना अर्जावर बाबांनी स्वतःच्या हाताने, चुकीच्या जोडाक्षरासह, ‘बौध्द’ लिहून सही केली होती. त्या अर्जावरून तुम्ही रजिस्टरात तेलुगूत ओळ लिहिली, आणि मधल्या मध्ये शब्द बदललात.

आम्ही दोघं तुमच्याकडे आलो. रविवार होता, पट मांडलेला होता.

“मास्तर, हे काय लिवलं?”

“बस, भीमराव. पांढरी तुझी.”

“पट ऱ्हाऊ द्या. हे काऊन लिवलं?”

तुम्ही कागदाकडे पाहिलंही नाहीत. तुम्हाला माहीत होतं. “त्या वेळी बौद्ध लिहिलं असतं तर सवलत गेली असती. सवलत गेली म्हणजे हॉस्टेल गेलं. हॉस्टेल गेलं म्हणजे ही पोरगी आज कापूस वेचत असती. एकच खरी चाल होती. ती मी खेळलो.”

“चाल माही होती, मास्तर. पोरगी माही. नाव माहं.”

“मग तू काय लिहिलं असतंस?”

“बौद्धच.”

“आणि पोरगी?”

बाबांची नजर कागदावर अडली. तुम्ही ती अडलेली जागा हेरलीत, पटावरची हेरायचात तशीच. म्हणालात, “तप्पू लेदू, भीमराव.”

मी ओरडले की मी प्यादं नाही. माझ्याकडे कुणीच पाहिलं नाही. बाबांनी पायात चप्पल घातली आणि त्या दिवसापासून तुमच्या अंगणात पाऊल टाकलं नाही. सात वर्षं. गावात तुम्ही दोघं समोरासमोर आलात की दोघंही एकदम आभाळाकडे बघायचात, जसं काही दोघांचाही कापूस भिजणार आहे.

गंमत बघा सर, त्याच सुमाराला कायदा बदलला. बौद्ध लिहूनही सवलत मिळायला लागली. पटाचे नियम डाव चालू असताना बदलत नाहीत, म्हणून तिथं निदान बिनचूक चालीच्या गप्पा मारता येतात. माणसाच्या ओळीत उद्याचा नियम कुणाला ठाऊक असतो? तुम्हाला नव्हता. तरी तुम्ही तुमची चाल खरी म्हणत राहिलात. आता ओळ दुरुस्त करायला काहीच हरकत नव्हती. फक्त त्या वेळच्या मुख्याध्यापकाचं पत्र हवं होतं. मंडल ऑफिसातल्या, म्हणजे आमच्याकडच्या तहसील कचेरीतल्या, कारकुनाने नमुनाही दिला: ‘सदर नोंद नजरचुकीने झाली आहे.’ खाली तुमची सही.

तुम्ही निवृत्त होऊन घरी बसला होता. नमुना वाचून तुम्ही चष्मा काढलात. “नजरचुकीने? माझी नजर चुकली नव्हती. मी मुद्दाम लिहिलं.”

“मग मुद्दाम लिहा सर, पण सही करा.”

तुम्ही ‘नजरचुकीने’वर लाल रेघ मारलीत, वर ‘हेतुपुरस्सर’ लिहिलंत, सही केलीत. कारकुनाने तो कागद दोन बोटांत धरून परत दिला. म्हणाला, “अम्मा, हेतुपुरस्सरला आमच्याकडं रकाना नाई. चूक झाली लिहून आना, एका दिवसात करतो.” मी तुमच्याकडे परत आले. चार वेळा आले. एक शब्द, सर. तुमच्या एका खोट्या शब्दाने माझी खरी ओळ मिळत होती. माझ्यासाठी रजिस्टरात खोटं लिहिणारा माणूस माझ्यासाठी पत्रात खोटं लिहायला तयार नव्हता. तेव्हा मला तुमचा जेवढा राग आला तेवढा कुणाचा आलेला नाही.

शेवटची भेट या उन्हाळ्यातली. तुम्ही बाजेवर होता, अंग सुकलेलं. मी पाचव्यांदा नमुना घेऊन आले होते आणि पिशवीत वर्तमानपत्र होतं. यंत्राने बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला हरवल्याची बातमी मी तुम्हाला वाचून दाखवली, दुखवायलाच.

“आला बघा सर, तुमचा बिनचूक खेळाडू. विजेवर चालतो.”

“जिंकला ना तो? मग समोरचा चुकला असणार. यंत्र बिनचूक आहे हे त्यानं कुठं सिद्ध होतं?”

“मग कशानं होतं? सगळ्या चाली तपासायला माणसाला जन्म पुरायचे नाहीत. बिनचूक डाव झाला तरी तो बिनचूक आहे हे सांगणार कोण?”

“तपासणारा नाही म्हणून गणिताला उत्तर नसतं काय गं?”

“उत्तर असेल. पण ते तुमच्याच खिशात आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

तुम्ही वर्तमानपत्र बाजूला सारलंत. मग म्हणालात, “भीमराव येत नाही. त्याला म्हणावं, येऊन बस एकदा.” मी म्हणाले, “आधी सही.” तुम्ही डोळे मिटलेत. मी नमुना उशाशी ठेवला आणि निरोप न घेता निघाले. बाबांना तुमचा निरोप दिला नाही. बारा दिवसांनी तुम्ही गेलात.

हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. बाबा हे छापल्यावर वाचतील. वाचू देत.

तिसऱ्या दिवशी काकूंनी ती निळी वही माझ्या हातात ठेवली. सोबत तुमचं जुनं सर्व्हिस बुकही दाखवलं. सर, तुमच्या स्वतःच्या ओळीत पहिल्या दिवसापासून ‘बौद्ध’ आहे. काकू म्हणाल्या, “तेच्यापायी मोठ्या पदावर गेले नाईत. मी सांगून थकली.” म्हणजे स्वतःच्या ओळीत तुम्ही बाबांसारखेच होता. आमच्याच ओळीत तुम्हाला हुशारी सुचली. हे वाचून तुमच्याबद्दल आदर वाटायला हवा होता. वाटलाही. आणि त्याच्या मागोमाग राग दुप्पट झाला.

वही घेऊन घरी आले, पट मांडला, डाव सुरुवातीपासून खेळत गेले. सव्विसाव्या चालीपाशी थांबले. तिथं लाल रेघ होती. बिनचूक डावात लाल रेघ! तुम्ही घोडा हलवला होतात आणि त्याच्यामागचा वजीर, तो शिक्का, बाबांच्या उंटापुढे उघडा पडला होता. ती चाल खोडून वर दुसरी लिहिलेली. बाजूला सही. ‘भी.’ बाबांची.

बाबा दारात बिडी ओढत बसले होते. मी वही त्यांच्यापुढे धरली.

“बाबा, इथं तुमची सही काऊन?”

त्यांनी वही लांब धरून पाहिली. ओळखीचं माणूस दिसावं तसा चेहरा झाला. “अरे, हा तो डाव. मास्तरचा घोडा चुकला होता. हात सुटला होता, चाल झाली होती. वजीर फुकट मरत होता. मी म्हनलो, घ्या मांगं.”

“तुम्ही जिंकत होता!”

“जिंकून काय करतो? डाव चांगला चालून ऱ्हायला होता.” मग हसले. “त्यानं घेतला मांगं. पन सोडते थोडाच? म्हने, दुरुस्ती झाली, सही कर. तवा केली.”

“हा कधीचा डाव?”

बाबांनी बिडी विझवली. “तुह्यं नाव शाळेत घातलं न, त्या आठवड्यातला. तुह्या अर्जाच्या खुशीत बसलो होतो खेळायला.”

वही मिटून त्यांनी मांडीवर ठेवली आणि वर हात ठेवला. रडले, पण माझ्यादेखत नाही.

सर, आता ऐका. त्याच आठवड्यात, त्याच अंगणात, एका लाकडी घोड्यासाठी तुम्ही माझ्या बापाची सही घेतलीत. त्याच्या पोरीच्या ओळीसाठी घेतली नाहीत. अर्जातला शब्द रजिस्टरात बदलला, म्हणजे ती दुरुस्तीच होती. मग लाल रेघ कुठं आहे? बाजूची सही कुठं आहे? परवा मी शाळेत जाऊन ती ओळ पाहिली. मोत्यासारखं अक्षर. खाडाखोड नाही. म्हणूनच तर त्या साहेबांना चूक सापडली नाही.

सात वर्षं मला वाटत होतं की तुमची चूक त्या शब्दात आहे. आता तसं वाटत नाही. तुम्ही विचारलं असतंत तर बाबा आधी भडकले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि कदाचित, माझ्याकडे बघून, सही केली असती. कदाचित नसती केली, आणि मी कापूस वेचत असते. दोन्हीपैकी कुठली चाल खरी, ते मला ठरवता येत नाही. तुमच्या त्या ओळीमुळे मी शिकले, तिच्याच जोरावर आज तुम्हाला जाब विचारते आहे. हे मी नाकारत नाही. पण तुमचा तो प्रसिद्ध डावसुद्धा तुमचा एकट्याचा नव्हता. समोरच्याने ‘घ्या मागं’ म्हटलं, म्हणून तो बिनचूक झाला. माझ्या ओळीत तुम्ही समोर कुणाला बसूच दिलं नाहीत.

काल मंडल ऑफिसात गेले होते. कारकुनाला तुम्ही गेल्याचं कळलं होतं. त्याने हळहळ व्यक्त केली आणि लगेच म्हणाला, “आता सोपं झालं अम्मा. मुख्याध्यापक हयात नाईत म्हनून तुमीच लिहून द्या, नजरचुकीनं झालं. आडवणारं कोन हाय?”

पेन हातात घेतलं होतं. लिहिता आलं नाही. तुमच्यावर मी काय काय आरोप केले असतील, सर, पण तुमची नजर चुकली होती असं लिहून मी तुम्हाला लहान करणार नाही. तुम्ही जिवंत असताना जे खोटं मी तुमच्याकडून मागत होते, ते तुमच्या मागे मी स्वतः लिहिणार नाही. एवढं तुम्ही मला शिकवून गेलात. तुमच्यावर चिडायलाही तुमचाच कायदा वापरावा लागतो, हाही एक त्रासच आहे.

मी त्या नमुन्यात ‘नजरचुकीने’वर लाल रेघ मारली, वर ‘न विचारता’ लिहिलं आणि बाजूला बाबांची सही घेतली. अर्ज परत येणार, हे मला माहीत आहे.

म्हणून वाचकहो, आता तुमच्याशी. सरांनी त्या वर्षांत आपल्या शाळेतल्या बौद्ध घरांतल्या पोरांच्या ओळी लिहिल्या. एकट्या माझ्यासाठी त्यांनी शब्द बदलला असेल, असं मला वाटत नाही. रविवारी पुण्यानुमोदनाला थोडं लवकर या. हार नंतर घाला. आधी ऑफिसात जाऊन रजिस्टर मागा आणि आपली ओळ स्वतः वाचा. तेलुगू येत नसेल तर मी दारात उभी आहे, वाचून दाखवीन. ओळ तुमच्या बापाने सांगितली तशी नसेल, तर माझ्याकडून कोरा नमुना घ्या. त्यातल्या ‘नजरचुकीने’वर एकच लाल रेघ मारा, वर ‘न विचारता’ लिहा, आणि बाजूची जागा रिकामी ठेवू नका. आईबाप सोबत आणा. सही त्यांची हवी.